कासचे ढग, यलोस्टोनची कुंडं

सप्टेंबरातल्या रविवारी पहाटे साताऱ्यावर आभाळ भरून आलं की आमच्या फोटोवाल्या टोळक्यात निरोप फिरतो, ‘ढग आहेत, चला.’ यवतेश्वरचा घाट चढून सातच्या आत कास गाठायचं. कडक उन्हात तेरड्याचा गुलाबी रंग उडतो, सोनकी नुसती चकाकते. मळभात हेच रंग मुरल्यासारखे दिसतात. यंदाचा सप्टेंबर मात्र लेकीकडे अमेरिकेत गेला आणि कासच्या बदल्यात तिथलं यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान पदरात पडलं.

तीन दिवस होतो, तिन्ही दिवस मळभ. जावईबापू हिरमुसले, “आई, नेमकं तुम्ही आलात आणि ऊन नाही.” म्हटलं, मळभाची काळजी साताऱ्याच्या माणसाला सांगू नका. ही शेखी पहिल्याच सकाळी उतरली.

ग्रँड प्रिझमॅटिक स्प्रिंग हे मिडवे गीझर बेसिन या गरम झऱ्यांच्या भागातलं कुंड. गरम पाण्याचं कुंड म्हटलं की आपल्याला वज्रेश्वरीसारखी बांधीव टाकी आठवतात. हे सुमारे 110 मीटर रुंद आहे आणि त्याला धड काठही नाही. मधोमध निळं, मग हिरवट, पिवळं आणि बाहेर मिसळीचा कट सांडावा तसा नारिंगी रंग जमिनीवर पसरलेला. निळा रंग पाण्याचा, बाकीचे उष्णता सोसणाऱ्या सूक्ष्मजीवांच्या थरांचे. मधलं पाणी 87 अंश सेल्सिअसच्या आसपास, तिथे या थरांचा निभाव लागत नाही. कडेकडे पाणी निवत जातं, तसे जीव बदलतात आणि रंगही. याच उद्यानातल्या झऱ्यात 1966 साली थॉमस ब्रॉक यांना एक जिवाणू सापडला होता. पुढे त्याच्या विकरावर (एन्झाइमवर) पीसीआर चाचणी उभी राहिली. कोरोनात नाकात काडी घालून घेतलेल्या चाचणीचं मूळ असल्याच कढत पाण्यात!

कासच्या सवयीने आम्ही सकाळी आठलाच पोचलो आणि दिसली फक्त वाफ. हवा जितकी गार तितकी वाफ दाट, रंग तिच्याआड. तेव्हा मिडवेला पहाटे धावू नका, अकरा ते तीन ही वेळ बरी. गाडी लावायला जागा तेव्हाच मिळत नाही, हा वनवास धरूनच चाला.

दुपारी वाफ विरळ झाली, तरी फोटोत पाण्याच्या जागी पांढरी चादर. फळ्यांच्या वाटेवरून कुंड तिरकं दिसतं आणि पाण्यात सगळं ढगाळ आभाळ उतरतं. इथे पोलरायझरला, म्हणजे चकाकी कापणाऱ्या फिल्टरला, पर्याय नाही. डोळा कॅमेऱ्याला लावून तो हळूहळू फिरवत गेले. एका ठिकाणी चादर ओढून काढावी तशी चकाकी गेली आणि खालचा थर दिसला, तापवलेल्या दुधावरच्या सायीसारखा सुरकुतलेला, सुरकुत्यांच्या घडीत गडद तपकिरी रेघा. दिवसभरात मला आवडलेला तो पहिला फोटो. फार जवळचं किंवा फार लांबचं पाणी धरलं तर फिल्टर तितकासा चालत नाही, मधल्या अंतरावर चालतो.

फिल्टरने उजेड कमी होतो म्हणून मी ट्रायपॉड उभा केला. तोही मूर्खपणाच. माणसं चालली की फळ्या हलतात, वर वाट अडते ती वेगळी. आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची क्षमता) 400 ते 800 वर नेऊन हातातच कॅमेरा धरा. वाफ आणि आभाळ दोन्ही पांढरी, त्यामुळे कॅमेरा फसून फोटो काळवंडून टाकतो. कासला पांढऱ्या गेंदाच्या ताटव्यात होतं तेच. एक्स्पोजर (फोटोचा उजेड) थोडं चढवून घ्या आणि रॉमध्येच, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्येच, काढा. आभाळ चौकटीत घेऊच नका. वाफ हवी असेल तर तिच्यामागे काळपट पाइनची झाडं येतील असे उभे राहा, नाहीतर पांढऱ्यावर पांढरं. निळ्याबद्दल खरं सांगायचं तर तो उन्हातच खुलतो, मळभात पाणी घातलेल्या शाईसारखा होतो. माझे चांगले फोटो सगळे नारिंगी-तपकिरीचे आहेत.

वाफेचे थेंब काचेवर वाळले की सिलिकाचा डाग धरतो आणि तो सहजी निघत नाही. पुढे साधा फिल्टर ठेवा, आणि थेंब ओले असतानाच ओलसर मऊ कापडाने टिपून घ्या. मी ओढणीच्या टोकाने पुसलं. चष्म्यावरचा डाग अजून आहे.

दुसऱ्या दिवशी वाऱ्याने ह्यांची पांढरी टोपी उडाली आणि थेट नारिंगी थरावर जाऊन बसली. आसपास आधीच चार-पाच टोप्या पडलेल्या. हे वाकून बघायला लागले तेव्हा लेक ओरडलीच. वरचा पापुद्रा पातळ, खाली उकळतं पाणी. वाट सोडायला बंदी आहे आणि सोडणारे होरपळून मेलेही आहेत. टोपीला नाडी लावा, लेन्सचं झाकण खिशात ठेवा. ड्रोनला बंदी आहे. गवे रस्त्यावर येतात, त्यांच्यापासून निदान 23 मीटर लांब राहायचं. नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून एप्रिलच्या मध्यापर्यंत बहुतेक रस्ते बंद असतात, तिकिटं त्या हिशोबाने काढा.

संपूर्ण कुंड हवं असेल तर फेअरी फॉल्सच्या वाहनतळापासून जेमतेम किलोमीटरभर चालून वरच्या सज्जावर जा. चढ किरकोळ, आपल्या अजिंक्यताऱ्याच्या पासंगालाही पुरणार नाही. तिसऱ्या दिवशी तिथून लांबचं जवळ आणणाऱ्या 200 मिलिमीटरच्या लेन्सने नुसत्या नारिंगी पट्ट्यांचा फोटो काढला. घरी मोठा करून पाहिला तर डाव्या कोपऱ्यात एक पांढरा ठिपका. टोपी! दोन मिनिटांत पुसून टाकता येईल, पण हे पुसू देत नाहीत.