एकच टिक

घर सोडतेय असा निरोप घरमालक काकांना सकाळी व्हॉट्सअॅपवर पाठवला, त्याच्यासमोर अजून एकच टिक आहे, म्हणजे तो पोचलेलाच नाही. दिवसभर तेच. फोन उचलला की आधी तिकडे नजर जाते. इतकी वर्षं भाडं वेळच्या वेळी दिलं आणि आता निघताना साधं ‘बरं’ म्हणायलाही कुणी नाही, याचं वाईट वाटतंय. काकांच्या घरच्या माई असत्या तर... असो.

त्यांनी ‘बरं’ म्हटल्याशिवाय नोटीस दिलीच गेली नाही, असं मनाने का धरलंय? मघाशी करार काढला. नोटिशीचं कलम मुदतीच्या परिच्छेदात नाही, पार शेवटी पत्रव्यवहाराखाली आहे. मुदत किती, नोटीस लेखी हवी आणि कोणत्या पत्त्यावर पाठवायची, एवढंच त्यात आहे. मालकाच्या होकाराचा उल्लेख कुठेही नाही. हे वाचून जरा बरं वाटलं, आणि लगेच पुन्हा फोन पाहिला.

पत्ता करारातलाच घ्यायचा, काका हल्ली कुठेही राहोत. दुसरा ठाऊक असेल तर तिथे एक प्रत जादा. करारावर मालक म्हणून दोघांच्या सह्या असतील तर दोघांच्याही नावाने. एजंटच्या कानावर घालणं पुरत नाही. नोटीस स्वीकारायचा अधिकार त्याला करारात दिलेला असेल तरच.

नोटिशीच्या पत्रात आधी ‘घर सोडण्याचा विचार आहे’ असं लिहिलं होतं. ते खोडलं. विचार कधीही बदलू शकतो, त्यावरून मुदत मोजता येत नाही. आता असं आहे: ‘अमुक तारखेच्या करारातील अमुक कलमानुसार ही नोटीस देत आहे. अमुक तारखेला घर रिकामं करून ताबा परत देईन.’ गळणाऱ्या नळाची तक्रार यात घातली नाही, ती वेगळी कळवायची.

खरी गोम तारखेत आहे. मुदत पत्र टाकल्यापासून मोजायची की मिळाल्यापासून, हे करारात नसेल तर मिळाल्याचा दिवस धरावा आणि टपालासाठी वर आठवडाभर ठेवावा. काही करारांत मुदत भाड्याच्या महिन्याअखेरच संपते. तिथे एका दिवसाच्या उशिराने अख्ख्या महिन्याचं भाडं अंगावर पडतं. म्हणजे काकांच्या दुसऱ्या टिकची वाट पाहणं मला परवडणारं नाही. हे स्वतःला पुन्हा पुन्हा सांगावं लागतंय.

पत्र पोचपावतीच्या टपालाने जाईल. सहीची प्रत आणि टपालाची पावती एकत्र ठेवायची. ट्रॅकिंगचं पान त्याच आठवड्यात छापून घ्यायचं, कारण पुढे ते साइटवरून निघून जातं. हेच पत्र पीडीएफ करून ईमेल आणि व्हॉट्सअॅपवरही. मजकूर आणि तारीख तिन्हीकडे तीच, नाहीतर कोणती नोटीस खरी यावरूनच वाद. फोन लागलाच तर बोलणं झाल्यावर लगेच ‘आत्ता बोलल्याप्रमाणे’ म्हणून दोन ओळी पाठवायच्या. ‘नाकारले’ किंवा ‘घर बंद’ असा शेरा मारून पाकीट परत आलं तर ते फोडायचं नाही. शेरा, शिक्का आणि बंद पाकीट मिळूनच पुरावा होतो.

काका ऐकतील की नाही, हा प्रश्न आता थोडा सैल झालाय. मला सांगता येतं तेवढं मी नीट सांगीन, न ऐकणं त्यांच्याकडे.

किल्ल्यांचं मात्र आधी ठरवायला हवं. किल्ल्या हातात राहिल्या तर ताबा दिलाच नाही असं म्हणता येतं आणि भाडं चालूच राहतं. म्हणून पाहणीचा दिवस आणि वेळ पत्रातच दिली आहे. येता येत नसेल तर किल्ल्या कुणाकडे द्यायच्या ते लेखी कळवा, असंही. जो घेईल त्याची सही आणि किल्ल्यांची संख्या कागदावर. मीटरचा फोटो आकडा आणि मीटर नंबर दोन्ही दिसतील असा. शेवटचं भाडं नेहमीसारखं भरायचं. काकांनी लिहून दिल्याशिवाय डिपॉझिटमधून परस्पर वळतं करायचं नाही.

डिपॉझिट कोणत्या खात्यात टाकायचं ते पत्राच्या शेवटी लिहिलंय. पाठवणाऱ्याचा पत्ता दादाचा घातला. पाकीट उशिरा परत आलं तर तोवर मी इथून गेलेली असेन.