सतरावी पिन

शनिवार, रात्री साडेदहा. गुहागर

आज तीन सोडून आगरातल्या बाकी सगळ्या पोफळी तहानलेल्या राहिल्या. माझ्यामुळे.

विहिरीवरचा पंप ठरल्या वेळी आपोआप चालू व्हावा म्हणून रास्पबेरी पाय (एका बोर्डावरचा छोटा संगणक) आणि रिले (विजेच्या इशाऱ्यावर चालणारा स्विच) आणून आठवडा झाला. (पंप थेट रिलेवर नाही, रिले फक्त स्टार्टरची कॉइल ओढणार. तेवढी अक्कल शाबूत आहे.) पायथनमधली जीपीआयओ झीरो लायब्ररी (बोर्डाच्या पिना चालू-बंद करणारा तयार कोड) घेतली, पिनेचा १७ नंबर लिहिला, ऑन म्हटलं. ढिम्म. टक्कन आवाज नाही की काही नाही.

मग कोड तीनदा वाचला. एसडी कार्ड नव्याने भरलं. खाऱ्या हवेने पिना गंजल्या असतील म्हणून जुन्या टूथब्रशने घासल्या. बाबा पडवीतून बघत होते. "स्टार्टरला हिरवं बटण आहे ना रे अजून?" एवढंच विचारलं.

दिवेलागणीला डोक्यात प्रकाश पडला. मी कडेपासून मोजत जाऊन वायर सतराव्या पिनेत खुपसली होती. लायब्ररीचं १७ म्हणजे चिपचं जीपीआयओ १७ (जीपीआयओ म्हणजे कोडातून चालू-बंद करता येणारी पिन, नंबर चिपच्या हिशोबाने), आणि ते ४० पिनांच्या पट्टीवर अकराव्या जागी आहे! सतराव्या जागी ३.३ व्होल्टचा कायमचा पुरवठा. माझा रिले पिन शून्यावर गेली की ओढणारा. त्याला दिवसभर ३.३ मिळत राहिले, तो कशाला हलतोय. नशीब, घोळ ५ व्होल्टच्या पिनेशी झाला नाही. ते जीपीआयओत शिरले असते तर बोर्डाचं काही खरं नव्हतं. जुन्या आरपीआय जीपीआयओ लायब्ररीत जागेचा नंबर की चिपचा, हे आधी सांगावंच लागायचं. तेव्हा कटकट वाटायची.

बाबांना सांगितलं तर म्हणाले, "तलाठ्याकडे जाऊन 'रातांब्याखालच्या तुकड्याचा सातबारा द्या' म्हणून बघ."

वायर अकराव्या पिनेत टाकली. कोडातही आता 'बोर्ड११' लिहिलंय, लायब्ररीला ते चालतं. टक्. मागोमाग स्टार्टर खटकन बसला, पाटात पाणी आलं. मी धावत आगरात पोचेपर्यंत लाईट गेली. टॉर्च मारून बघितलं, तिसऱ्या पोफळीच्या आळ्यात पाणी जेमतेम शिरलं होतं.