सणासाठी जायचं तर सणाच्या आधी पोचा

आमच्या घरात परदेशी ट्रिपचा विषय निघाला की आधी बजेट, मग व्हिसा, मग आईच्या शाकाहारी जेवणाचं काय, असा ठरलेला क्रम असायचा. आता मी तो उलटा केलाय, आधी सण ठरवायचा मग देश आपोआप ठरतो आणि बजेट रडत रडत मागून येतं. पण सणाच्या ट्रिपचं बहुतेक लोक जे प्लॅनिंग करतात ते मला पटत नाही. आदल्या रात्री पोचायचं, मिरवणूक बघायची, फोटो काढायचे, दुसऱ्या दिवशी पुढचं शहर. पुण्यात गणपती बघायला येणाऱ्या पाहुण्यांना मी नेहमी सांगते की फक्त विसर्जनाला येऊ नका बाबांनो, आधी या, नदीपात्रात ढोलपथकांची प्रॅक्टिस चालते ती ऐका, रात्री मंडपात देखाव्याचं काम चाललेलं असतं तिथे जरा उभे राहा, कोणीतरी चहा देतंच. मिरवणूक काय, टीव्हीवर पण दिसते.

हेच डोक्यात ठेवून 2025 ला आम्ही बालीला न्येपी गाठला. न्येपी म्हणजे बालीतल्या हिंदूंचं नवीन वर्ष, आणि त्या दिवशी अख्खं बेट बंद. बंद म्हणजे आपल्याकडच्या बंदसारखं नाही हां, जिथे दुपारी चारला पानटपरी अर्धं शटर वर करतेच. सकाळी 6 ते दुसऱ्या दिवशी सकाळी 6, विस्तव नाही दिवे नाहीत, काम नाही, घराबाहेर पडणं नाही, करमणूक नाही. विमानतळ पूर्ण 24 तास बंद असतो, फेरी बंद, मोबाइल डेटा पण बंद. हॉस्पिटल आणि इमर्जन्सी सोडून सगळंच. टूरिस्टनाही सूट नाही, हॉटेलच्या आवारात फिरा हवं तर, पण गेटबाहेर पाऊल टाकलंत तर काळ्या-पांढऱ्या चौकड्यांचं वस्त्र नेसलेले पेचालांग, म्हणजे गावाचे पारंपरिक पहारेकरी, तुम्हाला नम्रपणे परत आत पाठवतात.

हे ऐकून नवरा म्हणाला, अगं म्हणजे पैसे खर्च करून हॉटेलात बसायला जायचं? पण खरी गंमत त्याच्या आधीच्या दिवसांत आहे. मुंबईहून सिंगापूरमार्गे आम्ही चांगले आधीच पोचलो आणि सुरुवातीला बालीतल्याच समुद्रकाठच्या सानूरला राहिलो, कारण न्येपीच्या आधी मेलास्ती असतं. गावंच्या गावं पांढरे कपडे घालून, छत्र्या आणि निशाणं घेऊन, देवळातल्या पवित्र वस्तू डोक्यावरून समुद्रावर नेतात, शुद्धीकरणासाठी. मागे गामेलानचा, म्हणजे तिथल्या पारंपरिक वाद्यवृंदाचा ताफा, झांजा आणि घंटा. आई वाळूत तास दीड तास नुसती उभी होती, ऊन लागतंय म्हटलं तरी हलेना.

मग उबुदला. तिथे प्रत्येक बंजारमध्ये, बंजार म्हणजे आपली वाडी-आळी समजा, पोरं ओगो-ओगो करत बसलेली असतात. राक्षसांचे अवाढव्य पुतळे, बांबूचा सांगाडा, वर कागद, रंग, केस, बाहेर आलेले डोळे. आठवडेच्या आठवडे काम चालतं. शेवटच्या दोन रात्री तर तिथून पाय निघत नव्हता, एक जण राक्षसाच्या नखांना रंग देतोय, दुसरा त्याच्या पायाखाली झोपलाय, बाजूला स्पीकर. कोणी आम्हाला हटकलं नाही, उलट एकाने नवऱ्याच्या हातात ब्रश दिला. (नख बिघडलं नाही, मी बघितलंय.)

आदल्या संध्याकाळी, त्या वर्षी 28 मार्चला, हे सगळे राक्षस बांबूच्या चौकटीवर खांद्यावरून निघतात आणि चौकात आले की त्यांना गरागरा फिरवतात, म्हणजे भुतंखेतं गोंधळून जावीत असं म्हणतात. रस्ते दुपारपासूनच बंद होतात त्यामुळे टॅक्सीच्या भरवशावर राहू नका, चालत जाता येईल अशाच ठिकाणी राहा. गर्दीत मला मिरवणूक निम्मीच दिसली, पण त्यातला एक राक्षस ओळखीचा होता ना! तो वळणावर दिसला तर आम्ही तिघं वेड्यासारखे ओरडलो.

29 ला शांतता. होमस्टेच्या काकांनी आदल्या दिवशीच सगळं शिजवून ठेवलं होतं, रात्री पडदे लावून एक मिणमिणता दिवा. त्या रात्रीच्या ताऱ्यांनी भरलेल्या आकाशाबद्दल सगळेच लिहितात, मी लिहीत नाही, ते खरं आहे एवढंच सांगते. दुपारी मात्र प्रचंड कंटाळा आला हे पण खरं.

आणि 30 मार्चला आपला पाडवा! बालीचं हे वर्ष शकाचं आहे, तेच इ.स. 78 पासून मोजलेलं, त्यांचंही 1947 आणि आपलंही शके 1947. आईने रेशमी खण आणि साखरेची गाठी पुण्याहून बॅगेत घातलीच होती, काकांनी बांबू दिला, कडुनिंब शेजारच्या अंगणात मिळाला. तांब्या नव्हता, स्टीलचा ग्लास उलटा घातला.

पण पाडव्याच्या भरवशावर तिकीट काढू नका प्लीज. 2023 ला दोन्ही एकाच दिवशी, 22 मार्चला होते, आणि 2024 ला न्येपी 11 मार्चला तर पाडवा थेट 9 एप्रिलला, कारण मधे आपल्याकडे अधिक श्रावण येऊन गेला, त्यांचा अधिक महिना वेगळ्या वेळी येतो. 2026 ला परत एकत्र, 19 मार्च. तर कालनिर्णय बघून बालीचं बुकिंग होत नाही, इंडोनेशियाच्या सरकारी सुट्ट्यांची यादी बघायची. बालीतला दुसरा मोठा सण गालुंगान तर अजूनच वेगळा, तो 210 दिवसांच्या चक्रावर चालतो, म्हणजे बहुतेकदा एकाच वर्षात दोनदा. 2025 मध्ये 23 एप्रिल आणि 19 नोव्हेंबर असा दोनदा होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वाकलेले सजवलेले बांबू हवे असतील तर तो गाठा.

दुसरी गोष्ट, त्या देशातले लोकही तेव्हाच प्रवास करत असतात हे आपण विसरतो. 2025 ला न्येपी आणि ईद दोन दिवसांच्या अंतरावर आले, ईदला इंडोनेशियात सगळा देश गावी निघतो आणि ऐन त्या गर्दीत बालीची फेरी बंद. जावाला जायचा आमचा विचार होता, भाडी बघून सोडून दिला. थायलंडच्या सोंगक्रानचंही, म्हणजे तिथल्या नवीन वर्षाचंही तेच, तारखा सोप्या आहेत, दरवर्षी 13 ते 15 एप्रिल, पण बँकॉकहून चियांग माईची ट्रेन अगदी शेवटी मिळेल ही आशा ठेवू नका.

व्हिसाचं म्हणाल तर इंडोनेशिया सोपं आहे, पोचल्यावर मिळतो, 5 लाख रुपिया. ऐकायला भयंकर वाटतं, तसं नाहीये. शिवाय बालीची 1.5 लाख रुपियाची टूरिस्ट फी वेगळी. युरोपसाठी शेंगेनचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, तो लवकर करा. स्पेनमधल्या वलेन्सियाच्या फायास या सणाला जायचंय मला कधीतरी, तिथेही बहुतेक जण 19 मार्चच्या रात्री पुतळे जाळतात तेवढ्यासाठी जातात, पण ते पुतळे 15 ला उभे राहतात आणि रोज दुपारी 2 ला नुसत्या आवाजाचे फटाके असतात. धूर आणि धडधड. आपल्या लोकांना आवडणारच.

सध्या मात्र डोक्यात जपानमधल्या क्योतोचा गिओन हा सण आहे. मुख्य मिरवणूक 17 जुलैला, पण 10 पासून रस्त्यावर ते भलेमोठे रथ एकही खिळा न मारता गवताच्या दोरांनी बांधतात, काही रथ दहा टनांच्याही वर असतात, आणि 12-13 च्या सुमारास ट्रायल म्हणून ओढतात तेव्हा बाहेरच्यांनाही दोराला हात लावता येतो. 17 ला कोपऱ्यावर रथ वळवायचा तर चाकांखाली ओल्या बांबूच्या पट्ट्या टाकून तो सरकवतात, स्टिअरिंग नाहीच. नवरा म्हणतो 16 ला पोचू, सुट्टी वाचेल. मी 9 जुलैचं तिकीट बघून ठेवलंय, त्याला अजून सांगितलेलं नाही, आणि तो हा ब्लॉग वाचत नाही.