कॅस्टिएलची फळी, नोंद ६: सोनं बसलं, आणि पंखांचा बेत उलटा झाला

मंडळी, सोनं बसलं! (नव्यांसाठी: 'सुपरनॅचरल' या इंग्रजी मालिकेतला देवदूत कॅस्टिएल मी लाकडी फळीवर, जुन्या इटालियन चित्रांसारखा सोनेरी पार्श्वभूमीवर रंगवतोय.) सगळ्या फळीवर नाही, तळहाताएवढ्या चाचणीच्या तुकड्यावरच. पण ओप देणारा अकीक दगड फिरवला तरी निघालं नाही. मागच्या नोंदीतला तो सोललेल्या बटाट्यासारखा फोटो आता विसरा.

गुन्हेगार सापडला: गेरू. गेसो, म्हणजे फळीवरचा पांढरा लेप, पहिल्यापासून ठीक होता. सुताराचा सरस, खडूची पूड, आठ हात, काचेसारखा गुळगुळीत. घोळ वरच्या, सोन्याखाली लावायच्या लाल मातीत होता. ऑनलाइन मागवलेली बोलची (याच कामाच्या खास मातीची) बरणी चैत्रातल्या शेतासारखी भेगाळलेली आली, विकणाऱ्याने परत घेतली नाही (नाव सांगत नाही, तोंड खराब होईल), म्हणून मी दुकानातला गेरू अंड्याच्या पांढऱ्या बलकात कालवून लावला. त्याचा कणन् कण सोन्याच्या पानाखाली उभा राहायचा आणि दगड फिरला की नेमका तिथेच कागद फाटावा तसं सोनं फाटायचं. पंचवीस पानांच्या पुस्तकातली अकरा पानं अशी गेली.

इतके दिवस मी पावसाला शिव्या देत होतो. चेन्नीनो चेन्नीनी या इटालियन चित्रकाराने 1400 च्या आसपास लिहून ठेवलंय की सोनं लावायला हवा सौम्य, दमट हवी. त्या भल्या माणसाने चिपळूणचा आषाढ पाहिलेला नव्हता. गेसो हवेतलं पाणी पितो आणि आतून मऊ राहतो, हे खरंच. म्हणून फळी तीन दिवस कपाटात बल्बखाली ठेवली. तरी तेच. शेवटी गल्लीतल्या सोनारकाकांना तुकडा दाखवला. त्यांनी अंगठ्याने चाचपला आणि म्हणाले, "अरे, खाली वाळू ठेवून वर ओप कसला देतोस?"

मग गेरू पाण्यात ढवळला, शंभर आकडे मोजले, वरचं लाल पाणी दुसऱ्या भांड्यात ओतलं, गाळ फेकला. असं तीनदा. मूर्तीची थोडी शाडू उरली होती, तीही तशीच निथळून चौथा हिस्सा घातली. पांढरा बलक फेसून रात्रभर ठेवला आणि खाली उतरलेलं पाणी तेवढं घेतलं. चार पातळ हात. सुकल्यावर जुन्या धोतराच्या चिंधीने घासलं तर सोन्याआधी मातीच चमकायला लागली! तेव्हाच मनात म्हटलं, जमतंय. पान ठेवल्यावर घाई केली नाही. दगडाने हळूच ठोकून बघत राहिलो: थप, थप, थप, आणि तासाभराने टक. तो 'टक' आला की ओपायचं. खंभातचा अकीक मस्त चालतो, महागड्या परदेशी बर्निशरची काही गरज नाही.

मिठाईवरचा चांदीचा वर्ख वापर म्हणणाऱ्यांना एकदाच उत्तर: चांदी काळी पडते. भोसल्यांच्या तंजावरची सोनेरी चित्रं मलाही प्रिय आहेत, पण तिथे पत्रा डिंकाने चिकटवतात. मला आरशासारखा ओप हवाय. तो कशासाठी, ते आता सांगतो.

पंखांवर मी चार महिने अडकलोय. जुन्या इटालियन चित्रकारांपैकी सिमोने मार्तिनीच्या 1333 च्या गॅब्रिएल या देवदूताला मोराच्या पिसाऱ्याची आठवण व्हावी असे पंख आहेत, फ्रा अँजेलिकोच्या, फ्लॉरेन्सच्या सॅन मार्को मठातल्या गॅब्रिएलला रंगीत पट्ट्यांचे. दोघांचेही खरे, पिसांचे. आमच्या कॅस्टिएलचं तसं नाही. सुपरनॅचरलच्या चौथ्या सीझनच्या पहिल्या भागात (2008) तो कोठारात येतो, बल्ब फुटतात, मालिकेचा नायक डीन सुरा खुपसतो तरी ढिम्म. मग वीज चमकते आणि मागच्या भिंतीवर पंखांची नुसती सावली. ती सावली सोनेरी पार्श्वभूमीवर आणायची कशी? सोन्यावर सावली पडत नाही, हीच तर त्या जुन्या चित्रांची गंमत. काळ्या रंगाचा पातळ हात देऊन पाहिला होता. देवघरातल्या काजळीसारखा दिसला.

काल तुकडा हातात घेऊन खिडकीशी वळलो, तर ओपलेला भाग एकदम काकवीसारखा काळपट झाला आणि न ओपलेला पिवळाच राहिला. परत वळवला, तर ओपलेला झगझगला. मी तिथेच खाली बसलो. पंख रंगवायचेच नाहीत! आधी वाटलं, पंखांवर पंचने (ठोकायच्या बोथट सळईने) बारीक ठिपके ठोकावेत. पण ठिपके चारी बाजूंनी उजेड पकडतात, म्हणजे पंख उजळतील. मला हवेत काळे. म्हणून उलट: पंख आरशासारखे ओपायचे आणि भोवतालचं सगळं सोनं ठिपक्यांनी भरायचं. बघणारा चालत गेला की पंख येणार आणि जाणार, विजेसारखे.

म्हणजे हजारो ठिपके. बोथट केलेला खिळा चालेल का? रात्री करून पाहिलं: चालतो, पण जोर जास्त झाला की गेसोला तडा जातो. विणकामाची सुई घासून गोल केली तर बरी पडेल, आईची एक पळवलीय.

बाकी प्रगती म्हणाल तर टाय झाला. जो निळा जुने चित्रकार येशूच्या आईच्या, मारियेच्या झग्यासाठी राखून ठेवायचे, तो लॅपिस (निळ्या दगडाचा रंग) मी सेल्समनसारख्या दिसणाऱ्या देवदूताच्या टायवर खर्च केलाय आणि मला जराही पश्चात्ताप नाही. कोटाच्या सुरकुत्याही जमल्यात. चेहऱ्याचा खालचा हिरवा थर अजून लावलेला नाही. ठिपके ठोकताना फळी हादरते, म्हणून आधी सोनं, मग चेहरा. उरलेल्या चौदा पानांतली दोन काल चाचणीत संपली. बारात दोन्ही पंख बसतात, पार्श्वभूमी नाही. दुसरं पुस्तक गणपतीनंतरच.