टेमेक्युला: घोडीच्या पाठीवरून द्राक्षबागा

टेमेक्युलाला जायचं हे चटकन ठरलं. घोड्यांचं बुकिंग मात्र रखडलं, कारण त्या फॉर्ममध्ये प्रत्येकाचं वजन विचारलं होतं आणि फॉर्म भरणारी आमची मैत्रीण ते व्हॉट्सॅप ग्रुपवर सगळ्यांदेखत मागत होती. एरवी रात्री बारानंतरही गप्प न बसणारी मंडळी एकदम चिडीचूप झाली. एकाने शेवटी ‘साधारण ऐंशी’ असं लिहिलं, आणि त्या ‘साधारण’चा मग बराच कीस पडला. तसा प्रश्न भोचक नव्हता. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या २० टक्क्यांच्या आत असावेत, असा ढोबळ दंडक पाळतात. म्हणजे ५०० किलोच्या घोड्यावर १०० किलो. त्यात वेस्टर्न पद्धतीचं खोगीरच १५ किलोच्या आसपास भरतं. उरलेला हिशेब ज्याचा त्याने करावा.

टेमेक्युला दक्षिण कॅलिफोर्नियात, रिव्हरसाइड काउंटीत आहे. सॅन डिएगोहून इंटरस्टेट १५ ने तासाभरावर. लॉस एंजेलिसहून दीड-दोन तास, तेही ट्रॅफिकची कृपा असेल तर. उत्तर कॅलिफोर्नियातल्या नापा या नावाजलेल्या वाइन खोऱ्याचा तो इस्त्रीतला रुबाब इथे नाही. द्राक्षांच्या ओळी संपतात तिथे तबेला, तबेला संपतो तिथे पुन्हा द्राक्षं. काउंटीने २०१४ मध्ये इथल्या वाइन कंट्रीचा जो आराखडा मंजूर केला, त्यात वायनरींसाठी आणि घरांसाठी जसे विभाग आहेत, तसा घोड्यांसाठीही वेगळा विभाग आखलेला आहे. डी पोर्टोला रस्त्याच्या बाजूला गेलात की हे न सांगताच कळतं.

आम्ही गेलो तो सप्टेंबर होता. काही बागांची तोडणी झाली होती, काहींत काळेभोर घड लटकत होते आणि पाखरांपासून वाचवायला त्यांच्यावर जाळ्या टाकल्या होत्या. हवेत धूळ आणि डोक्यावर ऊन.

माझ्या वाट्याला आलेली घोडी बदामी रंगाची, आयाळ काळी, स्वभाव निवृत्त मुख्याध्यापिकेचा. मी काय करणार हे तिला माझ्याआधी माहीत असायचं आणि ते तिला पसंत नसायचं. आमच्याबरोबरच्या रँग्लरबाईंनी (रँग्लर म्हणजे घोडे सांभाळणारी आणि स्वारांना फिरवून आणणारी व्यक्ती) निघण्यापूर्वी मोजकंच शिकवलं. घोड्यावर डावीकडून चढायचं. रिकिबीत पावलाचा फक्त पुढचा भाग, टाच खाली. लगाम एकाच हातात धरायचा आणि वळायचं असेल तर ओढायचा नाही, नुसता मानेला टेकवायचा. उजव्या बाजूला टेकवला की घोडी डावीकडे वळते. ज्याने लहानपणी हिल स्टेशनवर घोड्यावर बसून फोटो काढलाय, त्याला हे सगळं उलटंच वाटतं. तिथे लगाम घोडेवाल्याच्या हातात असतो.

शेवटची सूचना सगळ्यात कडक होती: घोडीला पानं खाऊ द्यायची नाहीत. एकदा तोंड घालू दिलं की ती प्रत्येक वेलीपाशी थांबणार आणि बागवाले पुढच्या वेळी घोडे आत घेणार नाहीत. पहिल्या अर्ध्या तासात माझं सगळं लक्ष त्या मानेवर होतं. द्राक्षबाग होती की उसाचा फड, सांगता आलं नसतं.

मग हळूहळू मांड जमली आणि मान वर झाली.

घोड्यावर बसल्यावर डोळे वेलींच्या बरेच वर असतात आणि वेग माणसाच्या चालीहून जरासाच जास्त. त्यामुळे गाडीतून कधीच दिसलं नसतं असं काहीबाही दिसायला लागतं. माती ग्रॅनाइट झिजून झालेली, भरड, चमकी असलेली. टाप पडली की करकरते. तिच्यात पाणी ठरत नाही, म्हणून प्रत्येक ओळीखाली ठिबकची काळी नळी. एका ठिकाणी उताराच्या एका अंगाला द्राक्षं आणि दुसऱ्या अंगाला लिंबा-संत्र्यांची बाग होती. तिथे रँग्लरबाईंनी घोडी थांबवली आणि सांगितलं, १९९० च्या दशकाच्या अखेरीस हे खोरं इथूनच आजारी पडलं. काचेसारख्या पंखांचा एक तुडतुडा या लिंबांवर राहायचा, तिथून द्राक्षांवर यायचा आणि वेलीचा रस शोषताना एक जिवाणू आत सोडायचा. तो वेलीच्या पाणी वाहणाऱ्या नळ्या बुजवतो. मुळाशी ठिबक चालू, तरी पानांच्या कडा जळाल्यासारख्या होतात. पिअर्स डिसीझ म्हणतात त्याला. वेल एकदा धरली की इलाज नाही. पुष्कळ बागा मुळापासून उपटाव्या लागल्या. आज ज्या बागांतून आपण जातो, त्यातल्या कितीतरी त्यानंतर नव्याने लावलेल्या आहेत. १९६८ पासून इथे व्यापारी तत्त्वावर द्राक्षं लावताहेत आणि १९७६ मध्ये इथली वाइन न्यूयॉर्कच्या मेजवानीत राणी एलिझाबेथना दिली गेली, हे टेस्टिंग रूममध्ये कुणीही ऐकवतं. तुडतुड्याचं मात्र घोड्यावरच ऐकायला मिळालं.

दुपारी एकच्या सुमारास घोडीने कान फिरवले. वारा आला होता. आधी आयाळ हलली, मग ओळीच्या टोकाची पानं, मग माझ्या शर्टाची चिकटलेली पाठ सुटली.

आत वाळवंटाकडची जमीन तापते, तिथली हवा वर चढते आणि तिची जागा भरायला समुद्राकडची गार हवा ओढली जाते. समुद्र ३५ किलोमीटरवर, पण मधे डोंगर. त्या डोंगरात नैर्ऋत्येला एक खिंड आहे, रेनबो गॅप. वारा त्या खिंडीतून खोऱ्यात शिरतो. साडेचारशे मीटर उंचीवरच्या या तापट जागेत बरी वाइन होते ती या वाऱ्याच्या जिवावर. तो नसता तर गोडवा आला असता आणि आंबटपणा पार उडाला असता. सकाळी वारा पडलेला असतो, म्हणून पर्यटकांना गरम हवेच्या फुग्यातून फिरवणारे बलूनवाले पहाटे उडतात. (त्यांच्या बर्नरचा फर्र आवाज घोड्यांना खपत नाही, आमची फेरी उशिरा सुरू होण्याचं एक कारण तेही होतं.) हे सगळं माहितीपत्रकात वाचता येतं. पण एसी लावून, काचा वर करून एका वायनरीतून दुसऱ्या वायनरीत गेलो असतो तर आमच्या लेखी तो वारा नसताच.

आता वाइन. पहिल्या थांब्यावर घोडे दांडीला बांधून वायनरीत गेलो, तिथे फक्त घोटभर. कारण सोपं आहे. कॅलिफोर्नियाच्या वाहन कायद्याचं २१०५० वं कलम सार्वजनिक रस्त्यावर जनावरावर बसून जाणाऱ्यालाही वाहनचालकाचे नियम लावतं. दारू पिऊन घोडा चालवला म्हणून इथे लोकांवर खरोखर खटले झाले आहेत. ‘घोडा शुद्धीवर आहे ना!’ हा युक्तिवाद आमच्यातल्या एकाने करून पाहिला. रँग्लरबाईंनी तो बहुधा रोज ऐकलेला होता.

खरी चव दुसऱ्या ठिकाणी, घोडे परत गेल्यावर. आणि तिथे गंमत झाली. सिराह ही लाल वाइन समोर आली, मी ग्लास फिरवून नाक आत घातलं तर तबेल्याचा वास! चामडं, घाम, जुनी घोंगडी. माझे हात, माझी जीन्स, सगळ्याला तोच वास. ग्लास कुठे संपतो आणि मी कुठे सुरू होतो, कळेना. गल्ल्यामागचा मुलगा हसला. ब्रेटानोमायसिस नावाचं एक यीस्ट असतं. ते पिंपात शिरलं तर वाइनला नेमका घोड्याच्या अंगाचा वास येतो. थोडा असेल तर काही जण कौतुक करतात, जास्त असेल तर पिंप वाया. मी हात साबणाने धुऊन आलो. वास गेला. वाइन निर्दोष होती, मिरी आणि जांभळाच्या अंगाची. घोडा आणि चव एकाच दिवसात हवं असेल तर ही अडचण ब्रोशरमध्ये कुणी लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, मांड्यांनी असहकार पुकारला. जिना उतरताना सगळे कठड्याला धरून. तशा अवस्थेत ओल्ड टाउनमध्ये, म्हणजे टेमेक्युलाच्या जुन्या भागात फिरलो. १८५८ मध्ये सुरू झालेली बटरफील्ड टपालगाडी याच गावावरून सॅन फ्रान्सिस्कोला जायची. मिसुरीहून निघालेला उतारू साधारण पंचवीस दिवस हादरे खात येत असे. आम्ही एका दुपारीत गार झालेले लोक, त्यामुळे त्यावर कुणी काही बोललं नाही.

जाणार असाल तर पूर्ण पँट, टाचेचे बंद बूट, पाणी आणि टोपी. घड बघायचे तर ऑगस्ट-सप्टेंबर, पण उकाडा सोसावा लागतो. वसंतात डोंगर हिरवे असतात आणि वेली नुकत्या फुटलेल्या. ज्यांना वाइनमध्येच रस आहे त्यांनी चालकासकट गाडी घ्यावी, जास्त ठिकाणं होतील. आमच्यातले दोघं पुढच्या वेळी तेच करणार आहेत. माझं बुकिंग घोडीचं.