रात्रीचं वर्कशॉप परत मिळवताना

आमच्या टीमच्या इलेक्ट्रिक रेसकारचं काम ऐन भरात असताना कॉलेजनं रात्रीचं वर्कशॉप बंद केलं. बॅटरी पॅकच्या एका सेगमेंटचे, म्हणजे सेलच्या एका गटाचे, बोल्ट आवळताना एकाच्या हातून पाना निसटला, दोन बसबारवर (सेल जोडणाऱ्या धातूच्या उघड्या पट्ट्यांवर) आडवा पडला आणि मोठी ठिणगी उडाली. इजा कुणालाच झाली नाही, पण कुणी कुणाला सांगितलंही नाही. दुसऱ्या दिवशी वर्कशॉपच्या काकांना तो पाना टूलबॉक्सच्या तळाशी चिंधीत गुंडाळलेला सापडला, तोंडापाशी वितळून खड्डा पडलेला. वर्कशॉप सुपरिंटेंडेंट सरांना ठिणगीपेक्षा ती लपवणाऱ्या त्या चिंधीचा राग जास्त आला, आणि तो रास्तच होता.

मी टीमची इलेक्ट्रिकल सिस्टिम ऑफिसर, म्हणजे गाडीच्या विजेच्या सुरक्षेची जबाबदारी माझी, त्यामुळे परवानगी परत मिळवायचं काम माझ्याकडे आलं. फॉर्म्युला स्टुडंट या विद्यार्थ्यांच्या रेसकार स्पर्धेच्या नियमांत हे पद सक्तीचं आहे. तिथं ६० व्होल्ट डीसीच्या वर सगळं हाय व्होल्टेज धरतात. एका सेगमेंटमध्ये १२० व्होल्टपेक्षा जास्त चालत नाही, आणि शटडाउन झाला की ५ सेकंदांत पॅकबाहेरचं व्होल्टेज ६०च्या खाली यावंच लागतं. पण हे कवच तयार गाडीला. पॅक उघडा करून टेबलावर घेतला की मध्ये रिले नाही, फ्यूज नाही, आणि सेलला बंद करायचं बटण तर नसतंच. पोरं बेसावध होतात ती इथंच, कारण गाडी बंद म्हणजे करंट बंद असं डोक्यात बसलेलं असतं.

मी हे सगळं एसओपीत, म्हणजे कामाच्या लेखी नियमावलीत, व्यवस्थित लिहून नेलं. सरांनी ते शांतपणे वाचलं आणि परत दिलं. म्हणाले, "स्पर्धा तोंडावर आलीय, रात्रीचे नऊ वाजलेत, कॅप्टन घाईत आहे. तेव्हा फर्स्ट इयरचा पोरगा काय करणार, ते यात कुठं आहे?"

मग मी काकांकडे गेले. ते आधी भांडुपच्या एका कारखान्यात लेथवर, म्हणजे धातू फिरवून कापणाऱ्या मशीनवर, होते. त्यांनी पहिलं काय केलं असेल, तर लेथजवळ माझ्या हातातले हातमोजे काढून ठेवायला लावले. बॅटरीवर काम करताना इन्सुलेटेड हातमोजे हवेतच, पण मशीनवर फिरत्या जॉबजवळ (कापायच्या तुकड्याजवळ) हातमोजा, ओढणी, मोकळे केस, मनगटाचा गंडा यातलं काहीही चालत नाही. एक धागा अडकला तरी मशीन हात आत ओढतं. जॉब पकडणारा चक आवळायची किल्ली, म्हणजे चक की, चकमध्ये असेपर्यंत हात तिच्यावरून काढायचा नाही, हेही तेव्हाच कळलं. २०११ साली अमेरिकेत येल विद्यापीठात रात्री लेथवर एकटीनं काम करणाऱ्या एका विद्यार्थिनीचे केस अडकून ती गेली. ही घटना मी एसओपीच्या पहिल्याच पानावर घातली आणि खाली नियम लिहिला: वर्कशॉपमध्ये एकट्यानं थांबायचं नाही, मग काम कितीही छोटं असो.

सरांच्या प्रश्नाचं उत्तर मात्र कागदावर मिळणारं नव्हतं. आम्ही ठरवलं, की कुणीही "थांबा" म्हटलं की हात वर, आणि कारण नंतर विचारायचं. पहिले काही दिवस ज्युनिअर तोंडच उघडत नव्हते. मग एकदा कॅप्टन पॅकवर वाकला आणि फर्स्ट इयरची एक मुलगी जवळजवळ पुटपुटलीच, "दादा, थांबा... कडं." त्याच्या मनगटात स्टीलचं कडं होतं आणि खाली उघडे टर्मिनल. त्यानं हात वर घेतला, कडं काढलं आणि सगळ्यांसमोर तिला थँक्यू म्हणाला. तो तेव्हा वैतागला असता, तर माझी एसओपी त्याच रात्री रद्दी झाली असती, असं मला अगदी मनापासून वाटतं.

थोडक्यात टळलेल्या अपघातांची वही आम्ही त्यानंतर सुरू केली. तीत नाव लिहायचं नाही. काय झालं आणि कशामुळे, एवढंच. ती वही घेऊन गेले तेव्हा सरांनी एसओपी बाजूला ठेवून आधी तीच वाचली. विभागप्रमुखांची सही मग लवकर झाली. आता रात्री दहापर्यंत वर्कशॉप उघडं असतं आणि दर सोमवारी काका वही बघतात.

सगळ्यात जास्त नोंदी पान्यांच्याच निघाल्या. टेप गुंडाळून चालवलेले पाने बाद करून १००० व्होल्टचे इन्सुलेटेड पाने मागवले, त्याचं बिल कॉलेजनं मंजूर केलं. इन्सुलेटेड हातमोज्यांचा अर्ज अजून वरच आहे. ते येईपर्यंत उघड्या पॅकचं काम मी थांबवून ठेवलंय.