पोर्ट्समथचे जॉन पाउंड्स

आज सुट्टीचा बहुतेक दिवस इंग्लंडमधील पोर्ट्समथ येथील चर्मकार जॉन पाउंड्स (१७६६–१८३९) यांच्याविषयी वाचण्यात गेला. गोदीत उमेदवारी करत असताना, जेमतेम पंधराव्या वर्षी ते कोरड्या गोदीत (जहाज दुरुस्तीसाठी पाणी काढून टाकलेल्या खोल हौदात) पडले आणि कायमचे अधू झाले. पुढे जोडे शिवण्या-दुरुस्त करण्याचे काम शिकून त्यांनी सेंट मेरी स्ट्रीटवर स्वतःचे छोटेसे दुकान थाटले.

त्यांच्या भाच्याची पावले जन्मतः आत वळलेली होती. पाउंड्स यांनी जुने जोडे आणि चामड्याचे पट्टे जोडून एक साधन तयार केले व ती हळूहळू सरळ केली. मला त्यांच्या शिकवण्याइतकेच हे कसबही मोठे वाटते. त्याच भाच्याला शिकवता शिकवता सोबतीला इतर मुले आली आणि अखेर त्या अरुंद दुकानात एका वेळी तीस-चाळीस मुले दाटीवाटीने बसू लागली. मांडीवरच्या जोड्यावर आरी चालवत, हातातले काम न थांबवता पाउंड्स त्यांचे वाचन ऐकत. फाटकी पुस्तके आणि जुनी हस्तपत्रके हीच क्रमिक पुस्तके. वाचन, लेखन, हिशेबाबरोबर स्वयंपाक आणि जोडे दुरुस्तीही शिकवली जाई. शुल्क अर्थातच नव्हते, उलट उपाशी मुलांना आत आणण्यासाठी ते भाजलेला बटाटा पुढे करत. (आपल्याकडच्या पटनोंदणी मोहिमांनी लक्षात घ्यावे!)

त्यांच्या निधनानंतर पाच वर्षांनी, १८४४ मध्ये, लंडनमध्ये गरीब मुलांच्या मोफत शाळांचा 'रॅगेड स्कूल युनियन' हा संघ स्थापन झाला. एडिंबरोचे धर्मोपदेशक थॉमस गथ्री यांनी तर अशा शाळांसाठीच्या आपल्या कार्याची प्रेरणा पाउंड्स यांच्या एका चित्रातून मिळाल्याचे लिहून ठेवले आहे.